लॉवेलची कापड गिरणी बघायला गेलो, सोबत एक खरा गिरणी कामगार होता

ज्यांना पूर्ण वाचायचं नाहीये त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. बोस्टनच्या आसपास राहत असाल आणि भारतातून आईवडील आले असतील, तर त्यांना हार्वर्डच्या पुतळ्याचा बूट घासायला नेता ना, तसं एक दिवस लॉवेललाही न्या. बूट कॉटन मिल्स म्युझियम. (बूट हे माणसाचं आडनाव आहे, कर्क बूट, पायातल्या बुटाशी संबंध नाही, आमच्या घरी यावर दोन दिवस विनोद चालले.) पाचपैकी पाच स्टार. त्यातले चार म्युझियमला आणि एक आमच्या अण्णांना.

अण्णा म्हणजे माझे वडील, वय ८१. मूळ रत्नागिरीकडचे, पण आयुष्य गेलं लालबागला. १९६४ ला गिरणीत बदली म्हणून, म्हणजे कायमचा माणूस आला नाही की त्याच्या जागी, लागले, नंतर साचेखात्यात (गिरणीत मागाला साचा म्हणतात, म्हणजे विणकामाचं खातं) कायम झाले आणि १८ जानेवारी १९८२ ला संपावर गेले ते परत आत गेलेच नाहीत. गिरणीचं नाव लिहीत नाही, आता तिथे काचेची बिल्डिंग आहे आणि खाली कॉफीशॉप आहे, एका कॉफीच्या पैशात तेव्हा आमच्या घरचा महिनाभराचा किराणा यायचा. अण्णा दीड महिन्यासाठी आमच्याकडे न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआला आले होते. तिथून लॉवेल गाडीने अर्ध्या तासाच्या आत आहे, गाडी नसेल तर बोस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून लोकल मिळते, पाऊण तास. खरं सांगायचं तर मी त्यांना न्यायला टाळाटाळ करत होते. म्हटलं या माणसाने गिरणीपायी सगळं घालवलं, त्याला सुट्टीत परत गिरणीच काय दाखवायची. पण नवऱ्याने तोंडातून शब्द काढला आणि अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता शर्ट इन करून सोफ्यावर तयार. म्युझियम उघडतं किती वाजता हे कुणी बघितलंच नव्हतं. तुम्ही मात्र वेबसाइट बघून निघा, सीझनप्रमाणे वेळा बदलतात, तिकीट वगैरे पण तिथेच कळेल.

गाडी लावण्यात अर्धा तास गेला, त्या गॅरेजवाल्याचं मशीन कार्ड खात होतं आणि पावती देत नव्हतं, त्याबद्दल लिहायला बसले तर वेगळाच रिव्ह्यू होईल. मार्केट स्ट्रीटवर पार्कचं व्हिजिटर सेंटर आहे तिथे नकाशा घ्या. पार्क म्हटलं की झाडं आणि बाकडी डोळ्यासमोर येतात, पण इथे चक्क शहराचा मधला भागच नॅशनल पार्क आहे, १९७८ पासून. गिरण्या, कालवे, कामगारांची वसतिगृहं, सगळं धरून. जुन्या पद्धतीची ट्रॉली चालते, ती घ्या, म्हाताऱ्या माणसांचे पाय वाचतात. कालव्यावरचा पूल ओलांडून गिरणीच्या चौकात शिरलो आणि अण्णा थांबले. चारही बाजूंनी लाल विटांच्या पाच-सहा मजली इमारती, मध्ये घड्याळाचा मनोरा, त्यात घंटा. वर बघत म्हणाले, "भोंगा नाय दिसत." मी म्हटलं इथे घंटा वाजायची. "घंटा? म्हणजे शाळा काय?"

तर ती घंटा. उन्हाळ्यात पहाटे साडेचारला पहिली. मग काम सुरू, मध्ये नाश्त्याला आणि जेवायला थोडा वेळ, आणि संध्याकाळी सातला सुटका. आठवड्याचे सहा दिवस, सरासरी ७३ तास. आणि हे सगळं कोण करत होतं तर पोरी! पंधरापासून पंचवीस-तीसपर्यंतच्या, न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मेनच्या शेतकऱ्यांच्या मुली. आम्ही राहतो त्या भागातल्याच म्हणा ना. आपल्याकडे कोकणातून नि घाटावरून बाप्ये मुंबईला गेले आणि बायका गावी शेती बघत राहिल्या, इथे नेमकं उलटं झालं, भाऊ-बाप शेतावर आणि पोरगी गिरणीत. तिने पाठवलेल्या पैशावर कुणाचं कर्ज फिटलं, कुणाचा भाऊ कॉलेजात गेला. मनीऑर्डरची गोष्ट तीच, फक्त पाठवणारा बदलला.

थोडा इतिहास लिहिते, कारण त्याशिवाय आत काय बघतोय ते कळत नाही. फ्रान्सिस कॅबॉट लॉवेल नावाचा बोस्टनचा व्यापारी १८१० ते १८१२ इंग्लंडमध्ये होता, तिथल्या गिरण्या फिरला. यंत्रं आणि त्यांचे नकाशे देशाबाहेर न्यायला इंग्रजांची बंदी होती, तर या गृहस्थाने पॉवरलूम डोक्यात साठवून आणला आणि पॉल मूडी नावाच्या कारागिराला हाताशी धरून वॉल्थमला उभा केला. कापूस एका दारातून आत आणि तयार कापड दुसऱ्या दारातून बाहेर, सगळं एका छपराखाली, ही त्याची आयडिया. आज असं काही केलं तर वकिलांच्या नोटिसा येतील, तेव्हा त्याच्या नावाने शहर वसवलं. तो स्वतः १८१७ लाच गेला, लॉवेल शहर त्याने बघितलंच नाही. त्याच्या भागीदारांनी १८२२ च्या सुमारास मेरिमॅक नदीवरच्या धबधब्यापाशी जमीन घेतली. तिथे नदी जवळजवळ ३२ फूट खाली उतरते, ते पाणी कालव्यांनी वळवून गिरण्यांच्या खालच्या चाकांवर सोडलं. साडेपाच मैलांहून जास्त लांबीचे कालवे आहेत, सीझनमध्ये बोटीने फिरवतात, त्याचं वेगळं तिकीट. जिथे थोडी शेतं होती तिथे १८५० पर्यंत ३३ हजार माणसांचं शहर झालं. कोळसा नाही, धूर नाही, पाण्यावर चालणारी गिरणी. अण्णांना हे फार आवडलं. "म्हणजे पाऊस कमी तर गिरणी बंद, मालकाला तेवढं तरी भ्या."

आता मुख्य गोष्ट. खालच्या मजल्यावर साचेखातं आहे. ८८ साचे आहेत, ओळीने, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या धाटणीचे, वर पट्टे फिरतायत, आणि त्यातले काही खरोखर चालू असतात. दाराशी कानात घालायचे बोळे देतात, घ्या, शहाणपणा करू नका. माझी लेक फोनवर व्हिडिओ काढत आत शिरली आणि दोन पावलांवर तिने फोन खाली केला. आवाज कानाला कमी आणि पायाला जास्त लागतो. लाकडी जमीन थरथरत असते, ती थरथर टाचेतून गुडघ्यात आणि तिथून छातीत. मी लहानपणी गिरणीच्या गेटपर्यंत डबा घेऊन गेलेय पण आत कधी नाही, मुलींना कोण सोडणार. म्हणजे माझा बाप अठरा वर्षं कुठल्या आवाजात उभा होता हे मला पन्नाशीत, अमेरिकेत, बोळे घालून कळलं. आणि चालू होते ते थोडेच साचे, अण्णांच्या खात्यात शेकड्यांनी असायचे.

अण्णांनी काय केलं तर खिशातून डबी काढली आणि कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं. बोळे घेतलेच नाहीत. नंतर विचारलं तर म्हणाले, "आता काय जायचंय कानातलं?"

साच्यांपाशी एक माणूस काम करत होता, साठीचा असेल, ऑइलचे डाग पडलेला ॲप्रन. अण्णा कठड्याला टेकून त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी हात वर केला आणि बोटांनी काहीतरी केलं, दोन बोटं आडवी, मग मनगट झटकल्यासारखं. त्या माणसाने बघितलं, हसला आणि एक साचा बंद करून त्यातला धोटा (आडवं सूत घेऊन मागावर इकडून तिकडे धावतो तो) काढून घेऊन आला. मी सांगते, त्या खोलीत आम्ही तिघं एकमेकांच्या कानात ओरडून घसा बसवत होतो आणि या दोघांच्या, एकाला इंग्रजी येत नाही, दुसऱ्याला मराठी माहीत पण नाही, आरामात गप्पा चालल्या होत्या. ओठ वाचायचे आणि हात हलवायचे. साचेखात्यातली सगळी माणसं ओठ वाचतात, घरी आई हळू आवाजात शेजारणीशी अण्णांबद्दल बोलली तरी त्यांना पलीकडच्या खोलीतून कळायचं, आम्हाला वाटायचं यांचे कान भलतेच तिखट आहेत.

अण्णांनी नंतर समजावलं ते असं. हे साचे ड्रेपर कंपनीचे, यात धोट्यातली सुताची कांडी संपली की बाजूच्या चक्रातून नवी कांडी आपोआप धोट्यात ठोकली जाते, साचा थांबत नाही. अण्णांच्या साच्यावर कांडी हाताने बदलायची, साचा थांबवा, धोटा काढा, जुनी कांडी काढा, नवी घाला, सूत धोट्याच्या भोकातून ओढा. आता ते सूत ओढायचं कसं? तोंडाने. भोकाला ओठ लावून आत श्वास घ्यायचा, फुर्रकन सूत बाहेर. दिवसातून शेकडो वेळा. एकाच धोट्याला आज तुमचं तोंड, उद्या रात्रपाळीवाल्याचं. इथल्या गिरण्यांमध्येही अनेक वर्षं हेच चालायचं, क्षयरोग पसरतो म्हणून मॅसॅच्युसेट्सने १९११ मध्ये असल्या धोट्यांवर बंदी आणली. इथल्या लोकांनी त्या धोट्याला नाव ठेवलं होतं, मराठीत सांगायचं तर मरणाचा मुका.

आपल्या मुंबईत याच तोंडाने सूत ओढण्यातून वेगळंच उपटलं होतं, ते मी माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीला तिथे उभ्या उभ्या सांगायचा प्रयत्न केला पण आवाजात जमेना म्हणून बाहेर येऊन सांगितलं. साचेखात्यात पगार बरा. पण दलित कामगारांना तिथे शिरू द्यायचे नाहीत, ते सूतखात्यातच. कारण काय तर धोट्याला तोंड लावायचं असतं, त्यांचं उष्टं सूत सवर्ण कामगार कसं तोंडात घेणार! क्षय चालेल, उष्टं नाही चालणार. १९२८ चा मोठा संप चालू असताना बाबासाहेब आंबेडकरांनी पुढाऱ्यांना हेच विचारलं की कामगारांच्या मागण्यांमध्ये ही मागणी का नाही. लेक म्हणाली, "पण ते सगळे एकाच युनियनचे होते ना?" अण्णा दुसरीकडे बघत होते. मग म्हणाले, आमच्या वेळेपर्यंत तसं उघड राहिलं नव्हतं. उघड हा शब्द त्यांनी जरा जपून वापरला असं मला वाटलं.

वरच्या मजल्यावर प्रदर्शन आहे. घाईत जाऊ नका, आम्ही दीड तास ठेवला होता तो कमी पडला. इथे तुम्हाला त्या पोरींची दुसरी बाजू कळते. मालकांचं म्हणणं असं की आम्ही इंग्लंडसारख्या घाणेरड्या गिरण्या काढणार नाही, आमच्या मुली सुशील, चर्चला जाणाऱ्या, रात्री दहाला वसतिगृहाचं दार बंद. मुली खरंच वाचायच्या, व्याख्यानं ऐकायच्या, त्यांनी स्वतःचं मासिक काढलं होतं, 'लॉवेल ऑफरिंग' नावाचं, १८४० ते १८४५ चाललं. देशोदेशीचे पाहुणे ते बघून तोंडात बोट घालायचे. पण १८३४ मध्ये मजुरी कापायची ठरली आणि याच सुशील मुलींपैकी आठशेच्या आसपास रस्त्यावर उतरल्या. तो संप काही दिवसांत मोडला. १८३६ ला वसतिगृहाचं भाडं वाढवलं तेव्हा परत, या वेळी दीड-दोन हजार.

त्यात हॅरिएट हॅन्सन नावाची अकरा वर्षांची पोर होती. डॉफर, म्हणजे भरलेल्या कांड्या काढून रिकाम्या लावायच्या. वरच्या खात्यातल्या बायका निघाल्या आणि हिच्या खात्यातल्या मोठ्या मुली जाऊ की नको, जाऊ की नको करत बसल्या, तेव्हा ही म्हणाली तुम्ही काय करायचं ते करा, मी चालले, आणि चालू पडली. मागे वळून बघते तर सगळ्या येतायत. तिची आई विधवा, कंपनीच्याच वसतिगृहात खाणावळ चालवायची. कंपनीने आईला कामावरून काढलं. म्हणाले मोठ्या मुलींना तुम्ही थांबवू शकला नसतात, पण ही तर तुमची पोर आहे, हिला आवरायला हवं होतं. हे वाचून मी तिथल्या बाकड्यावर बसले जरा. कारण आमची आई पण खाणावळवाली. दहा बाय बाराच्या गाळ्यात बारा-तेरा माणसं पाळीपाळीने जेवायची, गावावरून एकटे आलेले गिरणीवाले, महिन्याच्या महिन्याला पैसे. संप लागला तसे पैसे थांबले आणि माणसं मात्र जेवायला येतच राहिली, आईने एकालाही नाही म्हटलं नाही, मंगळसूत्रातले मणी तेवढे राहिले. त्या हॅन्सनबाईंना मालकाने घालवलं, आमच्या आईला उधारीने.

खाणावळ इथे बघायलाही मिळते, गिरणीच्या समोरच मोगन सेंटरमध्ये. जुन्या वसतिगृहाच्या इमारतीत तेव्हाचं स्वयंपाकघर, जेवणाचं मोठं टेबल आणि वर झोपायची खोली मांडून ठेवलीये. एका घरात वीस, तीस, चाळीस मुली, एका खोलीत चार ते आठ, एका पलंगावर दोघी. आठवड्याला साधारण सव्वा डॉलर खाणावळीचा पगारातूनच कापून घ्यायचे. माझी लेक, जिला स्वतःची खोली असूनही प्रायव्हसी नसते, ती त्या पलंगाकडे बराच वेळ बघत होती. काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

पण मला जे सगळ्यात जास्त आवडलं ते संप नाही, अर्ज. सारा बॅगली नावाच्या गिरणी कामगार बाईने १८४४-४५ मध्ये कामगार बायकांची संघटना बांधली आणि मागणी एकच, दिवसाला दहा तास काम. मत द्यायचा हक्क नाही, निवडणुकीला उभं राहणं तर सोडाच, तर यांनी काय केलं, गिरण्यांमधून फिरून सह्या गोळा केल्या, दोन हजारांच्या आसपास, आणि राज्याच्या विधानसभेला अर्ज पाठवला. विधानसभेने समिती नेमली आणि फेब्रुवारी १८४५ मध्ये या बायका बोस्टनला जाऊन समितीसमोर बोलल्या. एलायझा हेमिंग्वे नावाच्या बाईने सांगितलं की मी काम करते त्या खोलीत हिवाळ्यात सकाळ-संध्याकाळ २९३ छोटे दिवे आणि ६१ मोठे दिवे जळतात. बघा हं, बाईने दिवे मोजले होते! दीडशे माणसं एका खोलीत, सूत तुटू नये म्हणून खिडक्या बंद, हवेत कापसाची धूळ आणि वर साडेतीनशे दिव्यांचा धूर. हवा खराब आहे असं नुसतं म्हटलं असतं तर साहेबांनी मान हलवून सोडून दिलं असतं. आकडा दिला. मी ऑफिसात क्वालिटीचं काम करते, मला त्या बाईबद्दल एकदम जवळचं वाटलं.

झालं काय? समितीने म्हटलं की हो, त्रास आहे खरा, पण कायदा करणं हा उपाय नाही, माणसांना पैशाची हाव कमी झाली की आपोआप सुधारेल. (मी शब्दशः नाही सांगत पण मतलब हाच.) समितीचा अध्यक्ष विल्यम शॉलर लॉवेलचाच आमदार. बायकांनी त्याच्या विरुद्ध मोहीम उघडली आणि पुढच्या निवडणुकीत तो पडला, ज्यांना मत नव्हतं त्यांनी पाडला. बॅगलीबाई पुढे तार ऑफिसात गेल्या, तारा पाठवणाऱ्या अमेरिकेतल्या पहिल्या काही बायकांपैकी एक. कंपन्यांनी १८५३ मध्ये कामाचा दिवस ११ तासांवर आणला आणि बायका-मुलांसाठी दहा तासांचा कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये आला १८७४ ला. म्हणजे अर्जानंतर २९ वर्षांनी. ज्या मुलींनी सह्या केल्या त्या तोपर्यंत आज्या झाल्या असतील.

इथे मला नारायण मेघाजी लोखंडे आठवणार नाहीत असं होईल का. १८८४ ला मुंबईत सभा घेऊन साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं, त्यात रविवारची सुट्टी मागितली, ती मिळाली १० जून १८९० ला. सहा वर्षांत. आपलं काम लवकर झालं असं अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "सुट्टी दिली, पगार नाय वाढवला."

आणखी एक जुळलेली गोष्ट अण्णांनीच काढली. १८४६ मध्ये लॉवेलच्या एका गिरणीत बायकांना तीनाऐवजी चार साचे सांभाळायला सांगितले आणि वर दर कमी केला, तर त्यांनी शपथ घेतली की दर तोच राहिला नाही तर चौथा साचा घ्यायचा नाही, आणि शपथ पाळली. मी हे वाचून दाखवलं तसे अण्णा एकदम उठून बसले. "अगं हे तर आमचं. दोन साचे की तीन साचे!" १९२८ चा संप दोनाऐवजी तीन साचे चालवायला लावण्यावरून पेटला होता. अण्णांच्या जन्माआधीची गोष्ट, पण साचेखात्यात नवीन पोऱ्याला पहिल्या आठवड्यात हीच सांगायचे म्हणे.

आता थोडं कडू. हा कापूस आला कुठून? मॅसॅच्युसेट्सच्या थंडीत कापूस पिकत नाही. दक्षिणेतून यायचा, गुलामांनी वेचलेला. प्रदर्शनात हे आहे, चुकवू नका, आम्ही यंत्रांच्या नादात पुढे जाणार होतो. चार्ल्स सम्नर म्हणून इथला पुढारी होता, त्याने १८४८ मध्ये चाबकाचे धनी आणि साच्यांचे धनी यांची हातमिळवणी आहे असं भर सभेत म्हटलं. आणि इथल्या गिरण्यांत विणलेलं जाडंभरडं कापड परत दक्षिणेत जायचं, गुलामांच्या अंगावर. त्या कपड्यांना गुलाम लोक 'लॉवेल'च म्हणायचे. वेचलाही त्यांनीच आणि घातलाही त्यांनीच, मधला सगळा नफा नदीकाठच्या लाल विटांमध्ये. गिरणीतल्या काही मुलींनी गुलामगिरीविरुद्धच्या अर्जांवरही सह्या केल्या होत्या हे खरं, पण सकाळी घंटा झाली की हातात तोच कापूस. गुलामी संपल्यावरही दक्षिणेतल्या गिरण्या गोऱ्यांसाठीच राहिल्या, साउथ कॅरोलिनाने तर १९१५ मध्ये कायदाच केला की गोरे आणि काळे एका खोलीत काम करणार नाहीत. माझ्या डोक्यात परत तो धोटा आला.

अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी युद्ध सुरू झालं आणि तो दक्षिणेतला कापूस अडकला, तेव्हा लॉवेलच्या कंपन्यांनी साठवलेला माल चढ्या भावाने विकला आणि गिरण्या बंद करून हजारो माणसं घरी बसवली. तेव्हाच इंग्लंडने कापसासाठी मुंबईकडे धाव घेतली. १८६१ ते १८६५ मुंबईत पैशाचा पाऊस पडला, प्रेमचंद रायचंद वगैरे कापसाचे व्यापारी तेव्हाचे, आणि युद्ध संपताच १८६५ ला सगळं धाडकन खाली. म्हणजे तिकडे त्या युद्धात गेटीसबर्गला गोळी सुटली की वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या बोंडाचा भाव हलायचा. आणि ते युद्ध जिंकून गुलामी मोडली म्हणून महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. लोखंडे हे त्याच फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले. लेकीला शाळेत अमेरिकन हिस्टरी आहे, तिला म्हटलं तुझ्या टीचरला हे सांग. तिने माझ्याकडे बघितलं ते बघणं मी इथे लिहू शकत नाही, पण गाडीत बसल्यावर स्पेलिंग विचारलं.

जेवणाचं. आधी एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये गेलो, नाव राहू दे, डाळ गोड होती आणि नान चामड्यासारखा, अण्णांनी अर्धा ठेवला. पण लॉवेलमध्ये कंबोडियन लोक खूप आहेत, १९८० नंतर त्यांच्या देशातला संहार चुकवून आलेले. त्यांच्या आधी आयरिश, मग कॅनडातले फ्रेंच, ग्रीक, पोलिश, पोर्तुगीज, जो आला तो गिरणीतून गेला, कंबोडियन येईपर्यंत मात्र गिरण्याच उरल्या नव्हत्या, बूट मिल १९५५ च्या सुमारास बंद झाली. तर संध्याकाळी एका छोट्या कंबोडियन हॉटेलात गेलो, भात आणि नारळाच्या दुधातला मासा. अण्णांनी दोनदा भात मागून घेतला. कोकणी माणूस आणखी काय सर्टिफिकेट देणार. लॉवेलला जेवायचं तर तिकडेच जा.

काही किरकोळ सूचना. म्हाताऱ्यांना न्यायचं तर साचेखातं आधी करा, नंतर दमतात. कानाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आत जास्त वेळ थांबू नका. हिवाळ्यात जाऊ नका, बोट नसते आणि वारा कालव्यावरून येतो. लहान मुलांना कंटाळा येईल असं वाटतं पण येत नाही, कारण आवाज. आणि पार्कच्या टोपीवाल्या रेंजर लोकांना प्रश्न विचारा, ते हातचं काम सोडून सांगत बसतात, आम्हाला एकीने त्या घंटेबद्दल पंधरा मिनिटं सांगितलं. अण्णांनी तिला विचारायला लावलं की मालक आता कुठे आहेत. तिने खरंच विचार करून उत्तर दिलं की पैसा दक्षिणेला गेला, मग तिथूनही पुढे गेला. अण्णा म्हणाले, "मग आमच्याकडनंच गेला असणार."

बाहेर पडताना दुकान लागतं. तिथे त्या साच्यांवर विणलेले टॉवेल मिळतात, भांडी पुसायचे असतात तसे. मला फ्रिजवरचा मॅग्नेट घ्यायचा होता. अण्णा टॉवेलपाशी उभे, एकेक उचलून उजेडाकडे धरतायत, काठ दोन बोटांत धरून ओढून बघतायत, तीन नापास केले, चौथा घेतला. बिल द्यायला गेले तर माझं कार्ड बाजूला सारलं आणि पाकिटातून स्वतःचे डॉलर काढले, आल्या दिवशी जावयाने खर्चाला म्हणून दिलेले, तोपर्यंत एकही मोडला नव्हता. घरी आल्यावर म्हटलं वापरायला काढू का, तर नको म्हणाले. बॅगेत सगळ्यात वर ठेवला होता, लालबागला त्यांच्या खात्यातले अजून दोघेजण आहेत म्हणे, त्यांना काठ दाखवायचा आहे.